एक्केचाळीस लाल ठिपके

या शहराच्या विकासात तुमचा वाटा काय, असं मला कुणी विचारलंच (अजून कुणी विचारलेलं नाही, पण तयारी असलेली बरी), तर मी त्याला सरळ आमच्या रस्त्याच्या मध्यावर असलेल्या नाल्यापाशी घेऊन जाईन आणि तिथे जे नाही ते दाखवीन. तिथे कठडा नाही. तो माझ्यामुळे नाही. सव्वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाने प्रत्यक्ष भूगोलात घडवून आणलेला हा एकमेव बदल.

मुळात मागणी एवढीशी होती. आईला टेकून बसायला एक बाक हवा होता. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. आमच्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला मावशी राहते, आईची धाकटी बहीण. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून मावशी घराबाहेर पडत नाही, म्हणून रोज पाच वाजता आईच तिच्याकडे जाते. दोघी दीड तास कडकडून भांडतात आणि आई ताजीतवानी होऊन परत येते. फोनवर हे जमत नाही, कारण मावशीला कमी ऐकू येतं, आणि आपण काय बोललो ते समोरच्याला कळलंच नाही तर त्या भांडणात राम काय! आमच्या दारापासून मावशीच्या दारापर्यंत सहाशे चाळीस पावलं आहेत. ती मी स्वतः मोजलेली आहेत. तीनशे पावलांवर आईला दम लागतो, आणि नेमका तिथेच नाला आहे. नाल्यावर गुडघाभर उंचीचा जुना दगडी कठडा होता. आई त्यावर दहा मिनिटं बसायची, येणाऱ्याजाणाऱ्याच्या घरची खबरबात घ्यायची आणि उरलेली पावलं चालायला लागायची. येतानाही तसंच.

एक दिवस घरी येऊन ती सहज म्हणाली, "कठडा बरा आहे रे, पण पाठीला टेकायला काही नाही."

ती सहज म्हणाली होती. मीही 'हो ना' म्हणून वर्तमानपत्रात डोकं घालायला हवं होतं. आजवर तिच्या शेकडो वाक्यांवर मी तेच केलं होतं. पण त्या दिवशी माझ्यातला सुपुत्र जागा झाला, आणि तो जागा झाला की घरातल्या बाकीच्यांची झोप उडते.

"अहो, त्यात काय एवढं?" बायको म्हणाली. "गच्चीवर जुनी खुर्ची पडलीय. ती नेऊन ठेवा तिथे."

"सार्वजनिक जागेत खासगी खुर्ची?" मी विचारलं. "आज मी खुर्ची ठेवीन, उद्या कुणी कपाट ठेवील. मग परवा काय?"

"परवा त्या कपाटात मी तुमची प्रमाणपत्रं ठेवीन," ती म्हणाली. वाद वाढू नये म्हणून मी दुसऱ्या दिवशी ती खुर्ची भंगारवाल्याला देऊन टाकली. याचा मला पुढे फार पश्चात्ताप झाला. तो बायकोला अजून सांगितलेला नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर चेअरमन राहतात. अकरा वर्षांपूर्वी ते आमच्या आठ बिऱ्हाडांच्या इमारतीचे चार महिने चेअरमन होते. पद गेलं, हाक राहिली. त्यांच्या कानावर बाकाची गोष्ट गेली आणि ते लगेच वर आले.

"बाक मागू नका," ते खुर्चीत रुतत म्हणाले. "बाक मागितला तर बाकही मिळत नाही. 'ज्येष्ठ नागरिक विसावा केंद्र' मागा. मग घासाघीस होत होत खाली बाकापर्यंत येता येतं."

मी केंद्र मागितलं. तीन पानी अर्ज केला, सोबत हाताने काढलेला नकाशा जोडला. प्रमाण, उत्तर दिशेचा बाण आणि खाली चौकटीत सूची. कुठल्या खुणेचा अर्थ काय, ते सूचीत लिहिलेलं असतं. सूची हा माझा हळवा कोपरा आहे. दर वर्षी पहिल्या तासाला मी मुलांना सांगतो, "नकाशा समोर आला की आधी सूची वाचा. सूची न वाचणारा मुलगा आयुष्यात कुठे जाऊन पडेल, सांगता येत नाही." जो वाचत नाही त्याचा अर्धा गुण मी कापतो. आजपर्यंत कुणाचीही गय केलेली नाही.

पालिकेत चार नंबरच्या खिडकीवर एक कारकून उभा होता. उभा होता हे मुद्दाम सांगतोय, कारण खिडकी बसून बोलायच्या उंचीची होती. त्यामुळे मला त्याचं फक्त पोट दिसत होतं आणि सगळं संभाषण मला त्या पोटाशीच करावं लागलं.

"अर्ज घेणं बंद झालंय," पोट म्हणालं.

"कधीपासून?"

"लोकांचं ऐकायचं ठरलं तेव्हापासून." मग तो वाकला आणि त्याचा चेहरा दिसला. दमलेला, पण सज्जन चेहरा होता. "आता नागरिकांचा सहभाग असतो, सर."

"मी नागरिकच आहे."

"तुम्ही एकटे आहात. एकटा माणूस बोलतो ती तक्रार. पंधरा माणसं बोलली की ती सूचना. आणि तीच कागदावर लिहून भिंतीला चिकटवली की सहभाग. येत्या शनिवारी तुमच्या प्रभागाची कार्यशाळा आहे. माणसं घेऊन या."

"तुम्ही उभे का?" मी न राहवून विचारलं.

"खुर्ची सहभाग कक्षात गेलीय. परत येईल म्हणतात," तो म्हणाला आणि पुन्हा पोट झाला.

मी माणसं जमवली. पंधरा माणसं जमवणं म्हणजे काय असतं ते ज्याने जमवली आहेत त्यालाच कळेल. प्रत्येकाला मी आईचा दम, कठडा आणि पाठ अशी सगळी गोष्ट सांगितली. प्रत्येकाने मला त्याच्या आईची गोष्ट सांगितली. शेवटी चेअरमन, लाँड्रीवाला, निवृत्त परिचारिकाबाई, दोन जावा, एक जावई अशी चौदा डोकी शनिवारी माझ्यासोबत निघाली. पंधरावा मी.

कार्यशाळा घ्यायला एक उत्साही तरुण मुलगी होती. तिला आम्ही पहिल्या पाच मिनिटांतच संवादताई म्हणायला लागलो. "इथे कुणी अधिकारी नाही आणि कुणी सामान्य माणूस नाही," ती म्हणाली. आम्ही मागे वळून पाहिलं. अधिकारी खरोखरच कुणी नव्हता.

पहिला खेळ लोकरीच्या गुंड्याचा. ज्याच्याकडे गुंडा येईल त्याने शहराबद्दल एका शब्दात बोलायचं आणि धागा हातात धरून गुंडा पुढे फेकायचा. परिचारिकाबाई म्हणाल्या, "धूळ." लाँड्रीवाला म्हणाला, "त्यांच्याशी सहमत." चेअरमन एका शब्दात अकरा मिनिटं बोलले आणि बोलताना फेऱ्या मारायची सवय असल्यामुळे त्यांनी दोन्ही जावांना लोकरीत पार गुंडाळून टाकलं. त्यांना सोडवण्यात अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात दोघी जावा चार वर्षांनी पहिल्यांदा एकमेकींशी बोलल्या, म्हणजे सहभागाचा अगदीच काही उपयोग होत नाही असं मी म्हणणार नाही.

त्यानंतर शहर हा प्राणी असता तर कोणता असता, त्याचं चित्र काढायचं होतं. मी हात वर केला. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे वर झालेले हात बघितल्यावर स्वतःचा हात वर करताना कसंसंच होतं. "ताई, बाकाचं कधी बोलायचं?"

"काका, इतक्यात उत्तराकडे नको ना जायला," ती गोड हसून म्हणाली. "आधी प्रश्न नीट समजून घेऊ या."

"मला समजलाय. आईला बसायचंय."

"छान! मग बसणं म्हणजे तुमच्यासाठी नेमकं काय?" तिने विचारलं. मी उभ्याउभ्याच त्याचा विचार करू लागलो, आणि तेवढ्यात चहा आला.

हा चहाच घातक ठरला. हॉलच्या भिंतीवर आमच्या प्रभागाचा भला मोठा नकाशा लावला होता आणि त्याच भिंतीला टेकून चहाचं टेबल मांडलं होतं. टेबलावर चहाचं उंच पिंप, कपांची उतरंड आणि बिस्किटांचे डबे. संवादताईने प्रत्येकाच्या हातात चिकटणाऱ्या ठिपक्यांची एक पट्टी दिली. तीन हिरवे, तीन लाल. "नकाशावर खाली सगळं लिहिलंय. मनापासून लावा," असं म्हणून ती फोनवर बोलायला बाहेर गेली.

आता मी काय केलं ते सांगतो. त्यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. मी माझ्या चौदा माणसांना नकाशासमोर ओळीत उभं केलं आणि हातात पट्टी घेऊन नकाशा शिकवला. हा नाला. हा कठडा. इथे बाक. "हिरवा ठिपका कुणीही लावायचा नाही," मी बजावलं. "नकाशात हिरवा रंग म्हणजे झाडी. साहेबांना वाटेल, इथे झुडूप आहे. लाल लावा. लाल लांबून दिसतो, आणि महत्त्वाची ठिकाणं नेहमी लालच असतात."

"खाली काहीतरी लिहिलंय म्हणाली ना ती?" परिचारिकाबाईंनी विचारलं.

"बाई," मी म्हणालो, "मी भूगोलाचा शिक्षक आहे."

बाईंनी लाल ठिपका सोलून लावला. चौदा जणांचे तीन तीन, म्हणजे बेचाळीस ठिपके. माझी पट्टी मी नकाशा दाखवण्यासाठी वापरली होती, ती चहात पडली. चेअरमननी एक ठिपका गुपचूप स्वतःच्या दारासमोर लावला, त्यामुळे कठड्यावर एक्केचाळीस. संवादताई आत आली, नकाशा पाहिला आणि तिने छातीवर हात ठेवला. "इतकं एकमत मी एकाही प्रभागात पाहिलं नाही," ती म्हणाली. "किती तीव्र भावना आहेत तुमच्या!" खरं सांगतो, मला भरून आलं. लोकशाही म्हणतात ती हीच, असं वाटून मी आणखी दोन बिस्किटं घेतली.

पालिका मंद चालते असं म्हणणाऱ्यांना मी आता तोंडावर खोटं पाडू शकतो. एकोणीस दिवसांनी मी शाळेतून घरी येत होतो तर नाल्यावर धुरळा उडालेला. चार माणसं, एक यंत्र, आणि कठडा जवळजवळ संपत आलेला. मी दप्तर छातीशी धरून धावत सुटलो.

"थांबा! थांबा! काय चाललंय हे?"

"काम," मुकादम म्हणाला.

"इथे बाक बसवायचाय! तो बसवायला कठडा कशाला फोडता?"

"बाकाबिकाचं आपल्याला माहीत नाही, साहेब. लोकांची मागणी आहे. अख्ख्या शहरात याच्याइतकी मागणी कशालाच नाही." त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून मला दाखवला. आमच्या नकाशाचा फोटो होता. पिंप हलवल्यानंतर काढलेला. त्यात खाली, जिथे पिंप होतं नेमकं तिथे, चौकटीत, ठसठशीत अक्षरांत सूची होती. हिरवा ठिपका: हवे. लाल ठिपका: नको, काढून टाकावे.

मी ती सूची वाचली. आयुष्यात पहिल्यांदाच मला सूची वाचून घाम फुटला. सव्वीस वर्षांत ज्यांचा ज्यांचा अर्धा गुण कापला ती सगळी मुलं नाल्याच्या काठावर येऊन उभी आहेत आणि कुणीच काही बोलत नाहीये, असं मला वाटायला लागलं. मुकादमाने विचारलं, "पाणी देऊ का?"

त्या दिवशी आई पाच वाजता बाहेर पडली आणि वीस मिनिटांत परत आली. चपला काढल्या, भिंतीला धरून थोडा वेळ उभी राहिली. "कठडा काढला वाटतं," एवढंच म्हणाली. कुणामुळे, ते मी सांगितलं नाही. बायकोने सांगितलं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "असू दे. तू चांगलंच करायला गेला होतास." तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर जेवण तरी गेलं असतं.

पुढचे आठ दिवस ती पाच वाजता चपला घालायची, उंबऱ्यापर्यंत जायची आणि परत येऊन बसायची. मग चपला घालणंही सोडलं. रिक्षावाले तेवढ्या अंतराला येत नव्हते आणि आले तरी आईला रिक्षातून जायचं नव्हतं. "मी काय आजारी आहे?" मी एक दिवस घडीचं स्टूल घेऊन तिच्या मागे मागे चाललो. तीनशे पावलांत सात जणांनी विचारलं, काय झालं, कधी झालं, डॉक्टर काय म्हणाले. आईने स्टुलाला हात न लावता मला घरी परत आणलं. तिकडे मावशी फोन करायची. आईचा आवाज शेजारच्या तीन घरांत ऐकू जायचा, मावशीला सोडून. फोन ठेवला की आई गप्प बसायची. रोज पाच वाजता, दाराकडे तोंड करून. मला ते बघवत नव्हतं. म्हणून मी पाच वाजता घरी येणंच टाळायला लागलो, हेही इथे सांगून टाकतो.

"ती गच्चीवरची खुर्ची कुठे गेली हो?" बायकोने एकदा विचारलं.

"मी हे रीतसर दुरुस्त करणार आहे," मी बाणेदारपणे म्हणालो आणि खिडकी नंबर चारवर गेलो. पोट अजून उभंच होतं.

"हरकत नोंदवायची आहे," मी म्हणालो.

"कुणाच्या मागणीवर?"

"माझ्या."

तो वाकला. मला ओळखून त्याने कपाळावर हात मारला. "सर, लोकांनी दिलेलं मत असं मागे घेता येत नाही. सुनावणी होईल. एक हरकत घेणारा, एक मागणी करणारा. दोन्ही पक्षांना पत्र जाईल."

दोन्ही पक्षांना पत्र आलं. एकाच दिवशी, एकाच पत्त्यावर. हरकत घेणाऱ्या अर्जदाराला 'कृपया उपस्थित राहावे' असं होतं. प्रतिवादीला 'गैरहजर राहिल्यास परिणामांस आपण जबाबदार राहाल' असं होतं. मला त्या दुसऱ्याची काळजी वाटली.

सुनावणीच्या खोलीत टेबलापलीकडे एक अधिकारी होते, अलीकडे डावी-उजवीकडे दोन खुर्च्या. "अर्जदार?" त्यांनी विचारलं. मी डावीकडे बसलो. "प्रतिवादी?" मी हात वर केला. "मग तिकडे बसा. लेखनिकाचा गोंधळ होतो." मी उठून उजवीकडे बसलो. पुढचा पाऊण तास मी उठत होतो आणि बसत होतो.

"अर्जदारांचं म्हणणं आहे की तुम्ही अज्ञानातून ही मागणी केलीत," अधिकारी उजवीकडच्या मला म्हणाले.

"बरोबर आहे. मला पूर्ण मान्य आहे."

"इतकं पटकन मान्य करू नका. तुमच्यावर दबाव आहे असं दिसेल. तुमच्या बाजूने काहीच नाही?"

आता माणूस म्हटला की त्याला स्वतःची बाजू असतेच. "अगदी अज्ञान म्हणता येणार नाही," मी म्हणालो. "चहाचं पिंप मध्ये होतं."

"अर्जदार, यावर काय म्हणणं आहे?"

मी डावीकडे जाऊन बसलो. "पिंप बाजूला करून बघता आलं असतं," मी नाइलाजाने म्हणालो. उजवीकडच्या मला ते चांगलंच लागलं. तो परत गेल्यावर थोडं चढ्या आवाजात बोलला. डावीकडच्यानेही मग शिक्षकी पेशाचा विषय काढला. शेवटी अधिकाऱ्यांनी टेबलावर हात आपटला आणि निर्णय सांगितला: उभय पक्षांनी आपसांत चर्चा करून तोडगा काढावा, पुढली तारीख अडीच महिन्यांनी.

"मग, झाली का चर्चा?" रात्री जेवताना बायकोने विचारलं. उभय पक्षांनी अबोला धरला होता.

आणि मग सत्काराचं पत्र आलं. सबंध शहरात एका जागेवर सर्वाधिक मतं नोंदवली गेल्याबद्दल आमचा प्रभाग पहिला आला होता, आणि संघटक नागरिक म्हणून माझा गौरव होणार होता. समारंभ कुठे? नाल्यावर. तिथे आता कठड्याच्या जागी उभट लोखंडी नळ्यांचं कुंपण केलं होतं, ज्यावर कावळ्यालासुद्धा बसता येत नव्हतं. शेजारी मोठा फलक होता: 'नागरिकांच्या सहभागातून मोकळी झालेली जागा'.

"जाणार नाही," मी म्हणालो.

"जा," बायको म्हणाली. "माईक देतील ना? मग बोला की काय बोलायचंय ते."

हे पटलं. मी चार वाक्यं तयार केली. पहिलं जरा सौम्य होतं, चौथं ऐकून पालिकेचे साहेब रजेवर गेले असते. आरशासमोर तीन वेळा म्हणून पाहिली. बाहेरच्या खोलीतून आई म्हणाली, "मीही येते. तीनशे पावलं होतात माझी. तिथे खुर्च्या असतील ना?" असतील म्हणालो. तिने तो प्रश्न विचारला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं, पण मी चौथ्या वाक्यात होतो.

खुर्च्यावाल्याने पन्नास खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या दोन रांगा अधिकाऱ्यांसाठी, म्हणून आईला शेवटच्या रांगेत बसवलं. तिथे ती खुर्च्यावाल्याशी बोलत बसली. खिडकी नंबर चारचा कारकून हातात यादी घेऊन कडेला उभा होता. साहेब तासभर उशिरा आले आणि लोकांचं ऐकून घेणं किती महत्त्वाचं आहे यावर चाळीस मिनिटं बोलले. मग माझं नाव पुकारलं. साहेबांनी माझ्या हातात एक काचेचं मानचिन्ह दिलं. त्यात आमचा नकाशा होता आणि त्यावर एक्केचाळीस लाल ठिपके होते, एकही न चुकता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "दोन शब्द बोला."

मी माईक धरला. पहिलं वाक्य जिभेवर होतं. साहेब माझ्याकडे इतक्या आपुलकीने पाहत होते की मी म्हणालो, "आभारी आहे." आता दुसरं वाक्य म्हणावं म्हणून तोंड उघडलं. "सर्वांचाच आभारी आहे," मी म्हणालो आणि खाली उतरलो. दोन शब्द सांगितले होते, मी पाच बोललो. माझं बंड एवढंच झालं.

मान खाली घालून शेवटच्या रांगेपाशी आलो तर आई नाही! नाल्यात डोकावून पाहिलं. कुंपणाला लटकून पलीकडे पाहिलं. खुर्च्यावाला खुर्च्या एकात एक घालत होता.

"माझी आई कुठे गेली?"

"काकू? त्या गेल्या की पुढे. बहिणीकडे." त्याने हात न थांबवता सांगितलं. "दोन तास बसल्यावर दम गेला म्हणाल्या. परत येताना बसायला लागेल, एक खुर्ची राहू दे म्हणाल्या. एकीचा हात तुटलाय, ती मी समारंभाला मागेच ठेवतो. तीच ठेवलीय तिकडे, फलकाला लावून. राहू दे रोजचीच."

"ठेवलीय? कुणाला विचारून?"

"मी कशाला विचारू? काकूंनी मला विचारलं."

संध्याकाळी सात वाजता आई त्या एकहाती खुर्चीत बसली होती. नागरिकांच्या सहभागातून मोकळ्या झालेल्या जागेवर, फलकाच्या आडोशाला, पाठ टेकून. चेहरा लाल झालेला, डोळे चमकत होते. दीड महिन्याचं साठलेलं भांडण एका बैठकीत संपवून आली होती. "पाठीला चांगलं आहे हं हे," ती म्हणाली. मग माझ्या हातातल्या काचेकडे पाहिलं. "तुला हे मिळालं होय? नीट धर, फुटेल."

पाच दिवस सुखाचे गेले. सहाव्या दिवशी मी आईला आणायला नाल्यावर गेलो, तर समोरून खिडकी नंबर चारचा कारकून चालत येत होता. काखेत वही. सार्वजनिक जागेत विनापरवाना खुर्ची असल्याची सूचना आली होती. ('विसावा केंद्राच्या प्रतिष्ठेला एकहाती खुर्ची शोभत नाही,' असं चेअरमन दोनच दिवसांपूर्वी मला म्हणाले होते, तेव्हा सूचना कुणाची ते मी ओळखलं.) मी पुढे झालो. अर्जदार आणि प्रतिवादी दोघेही माझ्या आत एका सुरात बोलायला तयार होते.

"सर, थांबा," तो थकून म्हणाला आणि आईकडे वळला. "आजी, ही खुर्ची..."

आई त्याच्या पायांकडे बघत होती. "पाय सुजलेत तुझे. दिवसभर उभा असतोस का रे?"

"पाच महिने झाले," तो म्हणाला. "खुर्ची सहभागात गेलीय."

आईने कुंपणाची नळी धरली आणि ती उठली. "बस. माझा दम गेलाय."

त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि तो बसला. आधी कडेवर, मग नीट, मग हळूहळू पाठ टेकली. डोळे मिटले. आम्ही दोघं कुंपणाला धरून उभे राहिलो. पंधरा मिनिटं गेली. मग त्याने बसल्या बसल्याच मांडीवर वही उघडली, चार ओळी लिहिल्या आणि साक्षीदार म्हणून सहीला माझ्याकडे दिली. 'समक्ष पाहणी केली. सदर ठिकाणी खुर्ची किंवा बसण्याची अन्य कोणतीही वस्तू आढळून आली नाही.' मी ते दोनदा वाचलं, खाली कुठे सूची आहे का ते बोटाने तपासलं, नव्हती, आणि सही केली.

"आजी," उठताना त्याने चाचरत विचारलं, "तुम्ही इथे कितीला असता?"

"पाचला जाताना आणि सातला येताना. मधे रिकामीच असते. ये की."

घरी परतताना आईने माझा दंड धरला होता. दोनशे पावलं झाली. मग म्हणाली, "चांगला मुलगा आहे रे. तूच त्याला नीट विचारलं नसशील."